मध नासत नाही, पण जुना होतो

‘मध कधीच खराब होत नाही.’ मधावरचा मराठी लेख, शाळेतला तक्ता किंवा वर्तमानपत्राची आरोग्य पुरवणी उघडा. बहुधा हे वाक्य भेटतेच. त्याच्या शेपटाला इजिप्तची गोष्ट बांधलेली असते : हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यात मध सापडला आणि तो अजून खाण्याजोगा होता. थडगे कोणाचे, साल कोणते, मध तपासला कोणी, हे सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. पुढच्याच परिच्छेदात दुसरे वाक्य येते : ‘मधात शरीराला उपकारक अशी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये भरपूर असतात.’ वाचणारा ही दोन वाक्ये आपोआप जोडतो आणि मनात तिसरे वाक्य तयार करतो, की मधातली उपकारक द्रव्ये कितीही वर्षे तशीच राहतात. हे तिसरे वाक्य कोणी लिहिलेले नसते, म्हणून ते कोणी तपासतही नाही. प्रस्तुत लेखात तेच तपासायचे आहे.

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. मधात साधारण ऐंशी टक्के शर्करा असते आणि सतरा-अठरा टक्के पाणी. हे पाणी शर्करेच्या रेणूंनी इतके धरून ठेवलेले असते, की जंतूंच्या वाट्याला काही येत नाही. उलट जंतूच्या पेशीतलेच पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते. मधाचा सामू चारच्या आसपास, म्हणजे तो आम्लधर्मीही असतो. माशीने मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, मध थोडा पातळ झाला की, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. इतक्या अडथळ्यांतून जंतूंची वाढ होणे कठीण. पण यालाही अट आहे, ती पाण्याची. पाणी वीस टक्क्यांच्या वर गेले की शर्करा सहन करणारे यीस्ट जागे होतात आणि मध फसफसतो. आग्या माशीचे मोहोळ उघड्यावर लोंबते. तिच्या मधात वीस टक्क्यांहून जास्त पाणी असणे नवलाचे नाही. शिवाय मध हवेतली वाफ शोषतो. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेली बरणी आंबट वासाची होते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती लेखाच्या विषयाहून महत्त्वाची आहे. जंतू वाढत नाहीत याचा अर्थ जंतू नसतात असा नव्हे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मधात निद्रिस्त अवस्थेत कितीही काळ टिकू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. पण एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून घातक विष तयार करू शकतात. म्हणून वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत घरोघर आहे. ‘मध कधीच खराब होत नाही’ असे वर्गात सांगणाऱ्या शिक्षकाने त्याच तासाला हेही सांगावे.

आता नासणे आणि जुने होणे यांतला फरक. नासवतात ते सूक्ष्मजीव. जुना होतो तो रासायनिक क्रियांमुळे, आणि त्यांना जिवंत कोणी लागत नाही. फक्त वेळ आणि उष्णता लागते. जंतूंना रोखणारी शर्करा आणि आम्लता याच या दुसऱ्या क्रियांचा कच्चा माल आहेत. आम्लधर्मी द्रवात फलशर्करेचे रेणू पाणी गमावून हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युराल बनतात. नाव लांब असल्याने जगभर त्याला एचएमएफ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होतात आणि मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी, मोठमोठी संयुगे तयार होतात. भाकरीचा पापुद्रा ज्या अभिक्रियांनी तव्यावर काही क्षणांत तांबूस होतो, त्याच बरणीत महिनोन्‌महिने संथपणे चालू असतात.

ज्यांच्यासाठी मधाची एवढी स्तुती होते ती उपकारक द्रव्ये मात्र शर्करा नव्हेत. ती किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजावी लागतात. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, क्रायसिन, पिनोसेम्ब्रिन ही फ्लेव्होनॉइडे आणि कॅफेइक, फेरुलिक, गॅलिक यांसारखी फिनॉलिक आम्ले. ही माशीची निर्मिती नव्हे, झाडांची आहे. मकरंदातून, परागकणांतून आणि पोळे लिंपायला माशी जी राळ गोळा करते तिच्यातून ती मधात उतरतात. म्हणून तुरीच्या फुलोऱ्यावरचा मध, करडईवरचा मध आणि कडुलिंब-करंजावरचा मध यांच्यातली फिनॉलची बेरीज एक येणार नाही. झाडाला ही द्रव्ये अतिनील किरणांपासून आणि किडींपासून बचावासाठी लागतात. फिनॉलचा रेणू आपला हायड्रोजनचा अणू सहज सोडतो आणि आक्रमक मुक्त मूलकाला शांत करतो. प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात ते या अर्थाने. आता जरा विचार करा. दुसऱ्याच्या आधी स्वतःचे ऑक्सिडीकरण होऊ देणे हाच ज्याचा गुण, तो रेणू हवा, आम्ल, पेरॉक्साइड आणि लोह-तांब्याचे सूक्ष्म अंश यांच्या संगतीत वर्षानुवर्षे तसाच राहील, ही अपेक्षाच विसंगत नाही का? ‘मधात प्रतिऑक्सिडीकारक आहेत’ आणि ‘मधाला काळ शिवत नाही’ ही दोन वाक्ये एका लेखात गुण्यागोविंदाने नांदतात, याचेच मला आश्चर्य वाटते.

काळ मधाला कसा शिवतो याचे सर्वांत स्वच्छ मोजमाप झाले ते विकरांवर. अमेरिकेच्या कृषी खात्यात जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास निरनिराळ्या तापमानांना मध ठेवून हा अभ्यास केला. त्यांचा साठवणीवरचा निबंध १९६४ चा आहे. मधातील डायस्टेज हे पिष्टाचे विघटन करणारे विकर. ते निम्मे व्हायला २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८० दिवस लागतात, म्हणजे चार वर्षे. ३० अंशांना २०० दिवस. ४० अंशांना फक्त ३१ दिवस. इन्व्हर्टेज हे दुसरे विकर त्याहून नाजूक. ते ४० अंशांना साडेनऊ दिवसांतच निम्मे होते. दहा अंश वाढले की वेग दुप्पट होतो हा पाठ्यपुस्तकातला ठोकताळा आहे. येथे तो दुप्पट नव्हे, सहा-सात पट होतो. एचएमएफची चालही अशीच. किलोमागे ४० मिलिग्रॅम एचएमएफ तयार व्हायला २० अंशांना दोन-चार वर्षे लागतात, ४० अंशांना महिना-दोन महिने.

हे आकडे वाशीम जिल्ह्यात आणून पाहू. अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा अकोल्याच्या मानाने थोडा उंचावर आहे, म्हणून उन्हाळा एखाद-दोन अंशांनी सुसह्य; तरी मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतोच. मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव, कुठेही घ्या, टिनाच्या छपराखालची खोली दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही तापते. समजा, एप्रिल ते मृग निघेपर्यंतचे ७५ दिवस एका खोलीत बारा तास ४० अंश आणि बारा तास ३० अंश तापमान राहिले. कोणी म्हणेल, सरासरी ३५ अंश. व्हाइट यांच्या कोष्टकात ३५ अंशांना डायस्टेजचा अर्धायुकाल ७८ दिवस दिला आहे, म्हणजे उन्हाळ्याअखेर निम्मे विकर शिल्लक राहील. हा हिशेब चुकीचा आहे, आणि का चुकीचा हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखे आहे. सरासरी तापमानाची काढायची नसते, वेगाची काढायची असते. वेग अर्धायुकालाच्या व्यस्त प्रमाणात. १/२०० आणि १/३१ यांची सरासरी घेतली तर खरा अर्धायुकाल सुमारे ५४ दिवसांचा येतो. मग ७५ दिवसांनंतर उरते फक्त ३८ टक्के. हाच मध ३० अंशांच्या स्थिर खोलीत राहिला असता तर ७७ टक्के उरले असते. दुपारची धग रात्रीचा गारवा भरून काढत नाही. दिवसाचे ते बारा तास जवळजवळ सगळे नुकसान करून जातात.

येथून एका गाजलेल्या वादाकडे वळता येते. सध्या ‘कच्चा मध’ आणि ‘प्रक्रिया केलेला मध’ अशी दोन गटांत मधाची वाटणी झाली आहे. पहिला अमृत, दुसरा निर्जीव साखरपाणी असे लिहिण्याची पद्धत आहे. त्याच कोष्टकात ६० अंशांना डायस्टेजचा अर्धायुकाल सुमारे एक दिवस आहे. स्फटिक विरघळवण्यासाठी आणि यीस्ट मारण्यासाठी मध अर्धा तास ६० अंशांना ठेवून लगेच निववला, तर डायस्टेजचे नुकसान होते दीड टक्क्याच्या आत. नाजूक इन्व्हर्टेजचे सुमारे सात टक्के. टिनाखाली उन्हाळा काढलेल्या ‘कच्च्या’ मधाने मात्र बासष्ट टक्के डायस्टेज गमावलेले असते, आणि त्याच्या बाटलीवर अग्नीचा स्पर्श नसल्याची ग्वाही असते. प्रक्रियेची बाजू मी घेत नाही. मोठ्या पिंपात मध तासन्‌तास निवत ठेवणे, बारीक गाळणीने परागकणही काढून टाकणे, हे दोष कारखान्यांत असू शकतात. पण उष्णता म्हणजे तापमान गुणिले वेळ असा काहीसा व्यवहार आहे, हे विसरून केलेली तुलना शास्त्रीय नव्हे. अर्ध्या तासाची आच दिसते म्हणून ती खटकते. अडीच महिन्यांची दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. विकरे माशीची, फिनॉल झाडाचे. विकरांचे कोष्टक फिनॉलना जसेच्या तसे लावता येणार नाही. प्रथिनांचे रेणू उष्णतेने उलगडतात, फिनॉलची वाट वेगळी. मग प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? येथे वाचकाची पंचाईत होते, कारण छापलेले निष्कर्ष एकमेकांच्या तोंडावर तोंड टाकतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात क्लोव्हर आणि बकव्हीट या दोन फुलांच्या मधावर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या साठवणीनंतर क्लोव्हरच्या मधाची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. साठवणीचे तापमान आणि बरणीचा प्रकार यांचा परिणाम मात्र त्यांना दिसला नाही. गडद बकव्हीट मधाची गोष्ट आणखी मजेची : सुरुवातीला कच्चा मध वरचढ होता, पण साठवणीत त्याचीच घसरण जास्त झाली आणि सहा महिन्यांनंतर कच्चा व प्रक्रिया केलेला असा फरक फारसा उरला नाही. याउलट तुर्कस्तानातील २००६ चा अभ्यास पाहा. मध ५०, ६० आणि ७० अंशांना बारा दिवसांपर्यंत तापवला. मध तपकिरी होत गेला, आणि तसतशी त्याची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता वाढत गेली! एका निबंधाच्या आधारे मध ताजाच खावा, आणि दुसऱ्याच्या आधारे भट्टीवर ठेवून खावा, असे म्हणायचे काय?

खोट या अभ्यासांच्या प्रामाणिकपणात नाही. घोळ आहे तो मोजपट्टीत, आणि ती न तपासता निष्कर्ष उचलणाऱ्यांत. एकूण फिनॉल मोजण्याची सर्वाधिक प्रचलित रीत फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकाची. हे पिवळे द्रावण फिनॉलशी क्रिया होऊन निळे होते. निळाईवरून प्रमाण काढायचे. मुळात १९२७ साली ते तयार केले गेले प्रथिनांतील टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी त्याची वाइनसाठी सुधारित रीत बसवली. वाइनसाठी ते ठीक होते. पण हे अभिकर्मक फिनॉल ओळखत नाही. ते केवळ ‘मला इलेक्ट्रॉन कोण देतो’ एवढेच विचारते. इलेक्ट्रॉन देणाऱ्यांत क-जीवनसत्त्व येते, काही अमिनो आम्ले येतात, क्षपणकारी शर्करा येते. किलोभर मधात अशी शर्करा सुमारे ७०० ग्रॅम आणि फिनॉल समजा ३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका फिनॉलमागे दोन हजारांहून जास्त शर्करा. शर्करेने अगदी क्षीण प्रतिसाद दिला तरी तो फिनॉलच्या खात्यावर जमा होतो. आणि मध जुना होताना तयार होणारी मेलार्ड अभिक्रियेची उत्पादितेही इलेक्ट्रॉन देतात. जांभळ्या डीपीपीएच द्रावणाचा रंग उडवण्याची जी दुसरी लोकप्रिय चाचणी आहे तिलाही ही उत्पादिते प्रतिसाद देतात. मग साठवलेल्या मधात ‘फिनॉल वाढले’ असा आकडा आला, तर वाढले काय? फुलातून बरणीत नवे फिनॉल तर आलेले नाही. झाडाची द्रव्ये घटली असतील, करपलेल्या शर्करेची वाढली असतील, आणि बेरीज तेवढीच किंवा जास्त दिसत असेल.

हे निव्वळ अनुमान नाही. कॅनडातील ब्रॉक विद्यापीठात कॅटरिना ब्रुडझिन्स्की यांच्या गटाने २०११ च्या सुमारास दाखवले, की तापवलेल्या आणि साठवलेल्या मधात झाडांचे फिनॉल मेलॅनॉइडिनच्या मोठ्या रेणूंत गुंतून बसतात. ते पूर्ण नाहीसे होत नाहीत, पण सुटेही राहत नाहीत. साठवणीत मध गडद होत गेला तशी त्याची जंतुरोधक शक्ती घसरत गेली, असेही त्याच गटाला आढळले. म्हणजे एका चाचणीत ‘सुधारलेला’ मध दुसऱ्या चाचणीत बिघडलेला ठरतो.

फ्लेव्होनॉइडांसाठी महाविद्यालयांत सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियम क्लोराइडची रीतही अशीच अर्धी आंधळी आहे. क्वेर्सेटिनसारख्या रेणूंना ती पिवळा रंग देते. पिनोसेम्ब्रिनसारख्या फ्लॅव्हॅनोन गटाला जवळजवळ ओळखतच नाही. आणि पिनोसेम्ब्रिन हे तर अनेक मधांतले प्रमुख फ्लेव्होनॉइड! पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत मी ही रीत पुष्कळदा पाहतो. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिलेले असते आणि ते कशाचे उत्तर आहे याची चौकशी नसते. प्रत्येक फिनॉल वेगळा काढून मोजणारे द्रवस्तंभाचे उपकरण प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही, हे मान्य. पण निदान ‘एकूण फिनॉल’ असे लिहिण्याऐवजी ‘फोलिन अभिकर्मकाशी क्रिया करणारी एकूण द्रव्ये’ असे लिहायला काही पैसे पडत नाहीत.

रंगाबाबतही अशीच गल्लत होते. गडद मधात फिनॉल जास्त, हा नियम बहुतांशी खरा आहे. पण तो ताज्या मधांच्या आपसातल्या तुलनेचा नियम आहे. फिका मध कपाटात तीन उन्हाळे काढून गडद झाला, तर तो गडद फुलांचा मध होत नाही. रस्त्याकडेला बसलेला विक्रेता काळसर बाटली वर करून ‘हा जंगलचा, जुना, अस्सल’ म्हणतो, तेव्हा ‘जंगलचा’ आणि ‘जुना’ या दोन विशेषणांपैकी काळेपणा कुठल्या विशेषणाचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

साठवणीने उपकारक द्रव्य खरोखरच वाढल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, ते सांगायला हवे. न्यूझीलंडच्या मॅनुका झुडपाच्या मकरंदात डायहायड्रॉक्सिॲसिटोन हे द्रव्य असते. मध बरणीत मुरत असताना त्याचे हळूहळू मिथाइलग्लायॉक्सालमध्ये रूपांतर होते, आणि मॅनुका मधाची ख्याती ज्या जंतुनाशक गुणामुळे आहे तो या मिथाइलग्लायॉक्सालचा. वाइकाटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिले. तेथे मध काही काळ मुरवणे फायद्याचे ठरते. पण हे मॅनुका आणि तिच्या जवळच्या जातींचे वैशिष्ट्य आहे. आपल्याकडच्या तुरीच्या किंवा बाभळीच्या मधाला ते लावून ‘मध जितका जुना तितका गुणकारी’ म्हणणे म्हणजे शेजारच्या शेतातला पाऊस आपल्या शेतात मोजणे.

आयुर्वेदाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. सुश्रुतसंहितेत नव्या मधाचे आणि जुन्या मधाचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत : नवा पुष्टी देणारा, जुना मेद कमी करणारा. गुण खरे की खोटे हा स्वतंत्र प्रश्न आहे. मला येथे एवढेच दिसते, की काळाने मध बदलतो हे त्या ग्रंथकारांनी गृहीत धरले होते. ‘कधीच बदलत नाही’ ही कल्पना प्राचीन नाही, आजच्या जाहिरातींच्या वयाची आहे.

आता एक अप्रिय हिशेब. दोन चमचे, म्हणजे वीस ग्रॅम मधात फिनॉल येतात सुमारे सहा मिलिग्रॅम, किलोला ३०० हा आकडा धरला तर. एक कप चहात शंभर मिलिग्रॅमच्या वर असतात. साठवणीत मधातले निम्मे फिनॉल गेले तरी आहारात तीन मिलिग्रॅमचा फरक पडला. घरातल्या कांद्याने, चहाने, आवळ्याने तो कितीदा भरून निघतो! प्रतिऑक्सिडीकारकांसाठी महागडा मध घेणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा. मध खायचा तर चवीसाठी, वासासाठी खावा. आणि साठवणीत सर्वांत आधी उडून जातो तो वासच, हे चाखणाऱ्याला उपकरणाशिवाय कळते.

मग साठवणीची एवढी चिकित्सा कशाला? कारण नुकसान खाणाऱ्यापेक्षा मध काढणाऱ्याचे जास्त होते. एचएमएफ मोजण्याची सुरुवात मुळात भेसळ पकडण्यासाठी झाली. साखरेचे आम्लाने विघटन करून केलेल्या पाकात एचएमएफ भरपूर असते. ते रेसॉर्सिनॉलच्या लाल रंगाने ओळखणारी फीहे चाचणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. परंतु उन्हात राहिलेला अस्सल मधही हाच लाल रंग देतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात एचएमएफची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे. उष्ण प्रदेशांतल्या मधासाठी ती ८० पर्यंत सैल केली आहे, आणि भारतीय मानकातही ८० च आहे. टिनाखालच्या पहिल्या उन्हाळ्यात मध ४० च्या जवळ पोचणे अवघड नाही, दुसऱ्यात ८० च्या. शेताच्या बांधावर पेट्या ठेवणारा शेतकरी किंवा पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापून बाकीचे पोळे आणि माशा राखणारा मधपाळ प्रामाणिक असतो; त्याचा मध मात्र प्रयोगशाळेत भेसळीच्या संशयात सापडतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ने बाजारातल्या मधातील साखरपाकाच्या भेसळीचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून सगळे लक्ष भेसळीकडे आहे, ते योग्यच. पण साठवणीचा दोष आणि भेसळीचा दोष यांची गफलत झाली, तर शिक्षा चुकीच्या माणसाला होते. एचएमएफ हे विष म्हणून रंगवणारे लेखही या गोंधळात भर घालतात. भाजलेल्या कॉफीत मधाच्या कितीतरी पट एचएमएफ असते आणि ती आपण रोज पितो. माशांना जुना, तापलेला मध वा पाक खाऊ घातला तर तो बाधतो हे खरे. माणसासाठी एचएमएफ हे मधाचे घड्याळ आहे, इतकेच.

बरणीवरच्या सूचनेबद्दलही दोन शब्द. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ हे वाक्य महाबळेश्वरला निरर्थक आहे आणि वाशीमला अपुरे. थंड म्हणजे किती अंश? दहा अंशांना मध दशकभर तग धरतो, चाळीसला महिनाभरात खचतो. एवढे अंतर असताना आकडा न छापणे म्हणजे सूचना न देणेच होय. शीतकपाट सर्वांकडे नसते आणि तेथे मध घट्ट होतो म्हणून लोक घाबरतात. घट्ट होणे म्हणजे द्राक्षशर्करेचे स्फटिक बनणे. ती भेसळीची खूण नाही. कोमट पाण्यात बरणी ठेवली की मध पुन्हा वाहतो. ज्यांच्याकडे जुने मातीच्या भिंतींचे, धाब्याचे घर शिल्लक आहे त्यांनी बळदाशेजारचा अंधारा कोनाडा मधाला द्यावा. अंधार मुद्दाम म्हणतो. पेरॉक्साइड तयार करणारे विकर प्रकाशानेही मरते, म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हाला मांडलेली पारदर्शक बाटली दिसायला सुंदर आणि घ्यायला वाईट. जस्ताच्या मुलाम्याचा डबा नको, मधातील आम्ल त्याला खाते. काच किंवा चांगले पोलाद, घट्ट झाकण.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. विज्ञान प्रदर्शनांत मधाचे काडी पेटवून पाहणे, पाण्यात थेंब सोडणे, कागदावर डाग पाहणे असले खेळ दरवर्षी येतात. त्यांतून भेसळ सिद्ध होत नाही. त्याऐवजी एकाच मधाच्या तीन लहान बाटल्या भराव्यात. एक शीतकपाटात, दुसरी वर्गातल्या बंद कपाटात, तिसरी टिनाखालच्या माळ्यावर. मार्चमध्ये सुरुवात करून शाळा उघडेपर्यंत ठेवाव्यात. जवळ कमाल-किमान तापमापक असला तर आठवड्यातून एकदा नोंद घ्यावी. जूनअखेर प्रत्येकातला पाच ग्रॅम मध दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात एक टक्का पिष्टाचे द्रावण एक-एक मिलिलिटर घालावे आणि तिन्ही परीक्षानळ्या ४० अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात. दर दहा मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या फरशीवर आयोडीनच्या थेंबाशी मिळवायचा. निळा रंग कोणत्या बाटलीत आधी येईनासा होतो आणि कोणत्यात तासाभरानंतरही येत राहतो, ते लिहून ठेवावे. सोबत चौथी नळी उकळून निववलेल्या मधाची असावी. मध बाजारातला घेतला असेल तर त्यात बाहेरून मिसळलेले विकर नसल्याची खात्री देता येत नाही, म्हणून शक्यतो ओळखीच्या मधपाळाकडून, डोळ्यांदेखत गाळलेला आणावा. काढल्याची तारीख बाटलीवर पेन्सिलीने लिहावी; शाईचा डाग चिकट हातांनी पुसला जातो.